बहुपदींचा भागाकार आणि फ + ग, फ × ग, फ(ग(क्ष)) यांची कोटी: नेमकं कुठे चुकतंय?

प्रश्न: उजळणी_अकरावी

अकरावीचं फलांचं प्रकरण सुरू करण्याआधी नववीच्या बहुपदी पुन्हा करतेय. चार ठिकाणी अडलं आहे. (घात ^ या चिन्हाने लिहिला आहे. कोटी म्हणजे बहुपदीतला सर्वांत मोठा घात; फ आणि ग या बहुपदी.)

१) २क्ष^४ − ३क्ष^२ + ५क्ष − ७ ला क्ष + २ ने संश्लेषक पद्धतीने भागलं. सहगुणक २, −३, ५, −७ घेतले, डावीकडे −२ ठेवला. खालची ओळ आली २, −७, १९, −४५. म्हणजे बाकी −४५. पण शेष सिद्धांताने क्ष = −२ ठेवल्यावर ३ येतं. खरं कोणतं?

२) ६क्ष^३ + ५क्ष^२ − ४क्ष + ९ ला २क्ष − १ ने भागायचं आहे. डावीकडे १/२ ठेवला तर ६, ८, ०, ९ येतं. मी भागाकार ६क्ष + ८ लिहिला, बाकी ९. पडताळा जुळत नाही. मैत्रिणीने सगळ्याला २ ने भागून बाकी ४.५ काढली, तिचाही जुळत नाही.

३) भाजक क्ष^२ − २क्ष + ३ असा असला तर डावीकडे ठेवायला संख्याच मिळत नाही. मग काय करायचं?

४) कोटीचा प्रश्न: 'फ + ग ची कोटी ४ आणि फ − ग ची कोटी २ आहे, तर फ आणि ग यांची कोटी सांगा.' मी ४ आणि २ असं उत्तर दिलं, ते चूक निघालं. बेरीज, गुणाकार, संयुक्त फल या सगळ्यांच्या कोटीचे नियम एकदा नीट कळायला हवेत.

उत्तर: फळा_खडू

भागाकाराचं मी सांगतो. कोटीचं कुणीतरी सविस्तर लिहीलच, पण थोडी कोटी इथेही लागणार आहे, कारण तुमची पहिली चूक गणित तपासण्याआधीच कोटीवरून पकडता येते.

भाज्याची कोटी ४, भाजकाची १. भागाकाराची कोटी ४ − १ = ३ यायलाच हवी. तुमच्या खालच्या ओळीत बाकी सोडून तीनच संख्या आहेत, म्हणजे कोटी २ ची बहुपदी. तिथेच थांबायचं आणि मागे बघायचं. क्ष^३ चं पद दिसत नाही म्हणून त्याची जागा तुम्ही बंद करून टाकली. संश्लेषक पद्धतीत क्ष लिहीतच नाही, कुठला घात आहे हे फक्त जागेवरून कळतं. ३०५ मधला शून्य काढला की ३५ होतात, तसंच. सहगुणक रूप हवं (२, ०, −३, ५, −७).

आता −२ ने:
२
० + (−४) = −४
−३ + ८ = ५
५ + (−१०) = −५
−७ + १० = ३

भागाकार २क्ष^३ − ४क्ष^२ + ५क्ष − ५, बाकी ३. शेष सिद्धांताशी जुळलं. तुम्ही प्रत्यक्षात २क्ष^३ − ३क्ष^२ + ५क्ष − ७ ला भागलं होतं. त्या बहुपदीसाठी −४५ ही बाकी अगदी बरोबर आहे.

दुसऱ्या गणितात दोन वेगवेगळ्या चुका आहेत. तुमची चूक पुन्हा जागेचीच: ६, ८, ० यातला शेवटचा शून्य सुद्धा भागाकाराचा भाग आहे, म्हणून ६क्ष^२ + ८क्ष + ०. मात्र हा भागाकार क्ष − १/२ ने भागल्याचा आहे, २क्ष − १ ने भागल्याचा नाही. ओळ अशी लिहून बघा:

भाज्य = (क्ष − १/२)(६क्ष^२ + ८क्ष) + ९

पहिल्या कंसाला २ ने गुणलं तर तो २क्ष − १ होतो. गुणाकार तोच राहावा म्हणून दुसऱ्या कंसाला २ ने भागायचं:

भाज्य = (२क्ष − १)(३क्ष^२ + ४क्ष) + ९

९ ला कुणी हातच लावला नाही, कारण तो त्या गुणाकाराच्या बाहेर आहे. मैत्रिणीची चूक ही. भाजक अक्ष + ब असेल तर डावीकडे −ब/अ ठेवा, भागाकाराला अ ने भागा, बाकी आहे तशी लिहा.

तिसऱ्या गणितासाठी सरळ लांब भागाकार करा. उदाहरण घेऊ: २क्ष^४ − ३क्ष^३ + ७क्ष − ५ भागिले क्ष^२ − २क्ष + ३. भाज्य मांडताना ०क्ष^२ लिहायचंच.

पायरी १: २क्ष^४ ÷ क्ष^२ = २क्ष^२. वजा करायचं २क्ष^४ − ४क्ष^३ + ६क्ष^२. उरतं क्ष^३ − ६क्ष^२ + ७क्ष − ५.
पायरी २: क्ष^३ ÷ क्ष^२ = क्ष. वजा करायचं क्ष^३ − २क्ष^२ + ३क्ष. उरतं −४क्ष^२ + ४क्ष − ५.
पायरी ३: −४क्ष^२ ÷ क्ष^२ = −४. वजा करायचं −४क्ष^२ + ८क्ष − १२. उरतं −४क्ष + ७.

आता उरलेल्याची कोटी १, भाजकाची २. थांबा. भागाकार २क्ष^२ + क्ष − ४, बाकी −४क्ष + ७.

सगळ्यात जास्त घोळ पायरी १ मध्ये होतो: −३क्ष^३ मधून −४क्ष^३ वजा केल्यावर +क्ष^३ येतं, पण घाईत −७क्ष^३ लिहिलं जातं. यावर उपाय एकच. खालच्या ओळीतलं प्रत्येक चिन्ह बदलून त्याच्याखाली नव्याने लिहायचं आणि मग बेरीज करायची. डोक्यात चिन्ह बदलायला जाऊ नका, विशेषतः तीन पदांच्या भाजकाला. पहिल्या पदाचं चिन्ह बदलतं आणि उरलेल्या दोघांचं तसंच राहून जातं.

फक्त बाकीच हवी असेल तर याहून छोटी वाट आहे. भाजक शून्य धरा, म्हणजे क्ष^२ = २क्ष − ३. मग
क्ष^३ = २क्ष^२ − ३क्ष = ४क्ष − ६ − ३क्ष = क्ष − ६
क्ष^४ = क्ष^२ − ६क्ष = −४क्ष − ३
हे भाज्यात ठेवा: २(−४क्ष − ३) − ३(क्ष − ६) + ७क्ष − ५ = −४क्ष + ७. तीच बाकी, आणि भागाकार मांडावाही लागला नाही. शेष सिद्धांत कोटी १ च्या भाजकापुरता शिकवतात, पण त्यामागची युक्ती कुठल्याही भाजकाला चालते.

उत्तर: पडताळा_वही

वरचं सगळं बरोबर आहे. पडताळ्याबद्दल एक भर घालते, कारण 'शेष सिद्धांताशी जुळलं' एवढ्यावर थांबणं धोक्याचं आहे.

क्ष = −२ ठेवलं की क्ष + २ शून्य होतो. त्यामुळे भाजक × भागाकार हा सगळा भाग गायब होतो आणि फक्त बाकी तपासली जाते. भागाकार पूर्ण चुकीचा असला तरी पडताळा जुळेल. भागाकार तपासायचा तर भाजक शून्य होणार नाही अशी किंमत घ्या.

क्ष = १ सर्वांना आवडतो, कारण नुसती सहगुणकांची बेरीज करावी लागते. पण १ चा कुठलाही घात १ च, त्यामुळे पद चुकीच्या घातावर लिहिलं गेलं तर ते १ ला कळत नाही. म्हणजे या प्रश्नात झालेली चूक नेमकी निसटते. दुसऱ्या गणितात करून बघा: भागाकार चुकून ३क्ष + ४ लिहिला तरी क्ष = १ ला (२ − १)(३ + ४) + ९ = १६ येतं, आणि भाज्यही ६ + ५ − ४ + ९ = १६. पडताळा जुळला, उत्तर चूक! क्ष = २ घ्या: भाज्य ४८ + २० − ८ + ९ = ६९. चुकीच्या भागाकाराने ३ × १० + ९ = ३९. बरोबर भागाकाराने ३ × २० + ९ = ६९.

तिसऱ्या गणितात क्ष = २ ला भाज्य ३२ − २४ + १४ − ५ = १७, आणि ३ × ६ + (−१) = १७. जुळलं. एक किंमत जुळणं ही सिद्धता नव्हे, पण रोजच्या चुका २ वर बहुतेक सापडतात.

उत्तर: आधी_कोटी

चौथ्या प्रश्नाकडे येतो. नियम पाठ करण्याऐवजी प्रत्येक वेळी एकच गोष्ट बघा: सर्वांत मोठ्या घाताचं पद कुठून येतं आणि ते टिकतं का. बाकीची पदं कोटीच्या दृष्टीने बघायचीच नाहीत.

फ ची कोटी ५ (पहिलं पद २क्ष^५) आणि ग ची कोटी ३ (पहिलं पद −३क्ष^३) धरू.

फ + ग आणि फ − ग: क्ष^५ फक्त फ मध्ये आहे, त्याला खोडायला कुणी नाही. कोटी ५. कोटी वेगवेगळ्या असतील तर मोठी कोटी टिकते, इथे शंकेला जागा नाही.

फ × ग: पहिलं पद २ × (−३) क्ष^८. दोन शून्येतर संख्यांचा गुणाकार शून्य होत नाही, म्हणून ते टिकतंच. कोटी ८.

फ(ग(क्ष)): २(−३क्ष^३)^५ = २ × (−२४३) क्ष^१५ = −४८६क्ष^१५. कोटी १५.
ग(फ(क्ष)): −३(२क्ष^५)^३ = −२४क्ष^१५. कोटी तीच १५, पण बहुपदी वेगळी. कोटी सारखी आली म्हणून दोन्ही संयुक्त फलं सारखी समजू नका.

आता जिथे घोटाळा होतो तिथे थांबतो: दोघांची कोटी सारखी असली की. ३क्ष^४ + क्ष आणि −३क्ष^४ + क्ष^२ यांची बेरीज क्ष^२ + क्ष. कोटी ४ वरून २ वर आली. म्हणून नियम 'बेरजेची कोटी = मोठी कोटी' असा नाही, तर 'बेरजेची कोटी मोठ्या कोटीहून जास्त नसते' असा आहे. 'जास्त नसते' हे दोन शब्द वहीत उतरताना गळतात आणि मग प्रश्न चुकतात.

तुमचा प्रश्न: फ आणि ग यांच्या कोटी ४ आणि २ असत्या, तर फ − ग मध्ये क्ष^४ टिकला असता आणि कोटी ४ आली असती. दिलंय २, म्हणजे वजाबाकीत क्ष^४ खोडला गेला. तो खोडायला दोघांतही हवा. म्हणून दोघांची कोटी ४. वेगळ्या वाटेने: फ हा (फ + ग) आणि (फ − ग) यांच्या बेरजेचा अर्धा, ग हा त्यांच्या वजाबाकीचा अर्धा. कोटी ४ आणि कोटी २ यांची बेरीज किंवा वजाबाकी, दोन्हीकडे ४. उदाहरणार्थ फ = क्ष^४ + क्ष^२, ग = क्ष^४.

तुलनेच्या प्रश्नांत 'संयुक्त फलाची कोटी गुणाकाराच्या कोटीपेक्षा नेहमी मोठी' असा पर्याय देतात. तो चूक आहे. कोटी म आणि न असतील तर तुलना म × न आणि म + न यांची. दोन्ही २ असतील तर ४ आणि ४, सारख्याच. एकाची कोटी १ असेल तर गुणाकाराची कोटीच एकाने जास्त: फ ची ५, ग ची १, तर संयुक्त ५, गुणाकार ६. कोटी २ आणि ३ पासून पुढे मात्र संयुक्त फल पुढे जातं (६ विरुद्ध ५).

स्थिर बहुपदी आली की संयुक्त फलाचा नियम जपून वापरा. फ = क्ष^२ − ४ आणि ग = २ घ्या. फ(ग(क्ष)) = ४ − ४ = ०, शून्य बहुपदी, आणि तिची कोटी निश्चित करता येत नाही. ग = ३ घेतला तर ५ येतं, कोटी ०.

उजळणी_अकरावी

खूप स्पष्ट झालं, आभार. दोन शंका उरल्या. (अ) बाकीची कोटी भाजकापेक्षा कमी झाली की थांबायचं, हे का? पुढे का जायचं नाही? (आ) फ ÷ ग ची कोटी 'वजाबाकी' म्हणायची का? (२क्ष^२ + ३क्ष − ५)/(क्ष − १) सोडवल्यावर २क्ष + ५ आलं. मग हे फल म्हणजे २क्ष + ५ च ना?

उत्तर: आधी_कोटी

(आ) आधी घेतो. जवळपास तेच, पण पूर्ण तेच नाही. क्ष = १ ला मूळ फलाचा छेद शून्य आहे, म्हणून तिथे ते फल अस्तित्वात नाही. आलेख म्हणजे २क्ष + ५ ची रेषा, त्यातून (१, ७) हा एक बिंदू वगळलेला. अकरावीत प्रांत (क्ष च्या चालणाऱ्या किमती) विचारतात तेव्हा १ वगळला नाही की गुण जातात. सीमा (क्ष १ च्या जवळ जाताना फल ज्या किमतीकडे जातं ती) मात्र ७ आहे. सीमेच्या प्रकरणातली ०/० ची बरीच गणितं हा अवयव काढूनच सुटतात.

कोटीचं म्हणाल तर बाकी शून्य नसेल तेव्हा फ/ग ही बहुपदीच नाही, परिमेय फल आहे. अंशाची कोटी वजा छेदाची कोटी ही संख्या तरीही उपयोगी पडते. क्ष खूप मोठा झाल्यावर फल कसं वागेल ते ती सांगते. ती ऋण असेल तर फल शून्याकडे जातं, ० असेल तर पहिल्या सहगुणकांच्या भागाकाराकडे. १ असेल तर आलेख एका तिरप्या रेषेला चिकटत जातो आणि ती रेषा म्हणजे भागाकार. उदा. (२क्ष^२ + ३क्ष − ४)/(क्ष − १) = २क्ष + ५ + १/(क्ष − १). क्ष = १०१ ला शेवटचा तुकडा फक्त ०.०१ उरतो. परिमेय फलांच्या बेरजेतही खोडाखोडी होते: १/(क्ष − १) − १/(क्ष + १) = २/(क्ष^२ − १). दोघांचा फरक −१ होता, उत्तराचा −२.

उत्तर: फळा_खडू

(अ) चं उत्तर. तिथे थांबलं की उत्तर एकच येतं, म्हणून. समजा कुणाला भागाकार भ१ आणि बाकी ब१ मिळाली, दुसऱ्याला भ२ आणि ब२. मग भाजक × (भ१ − भ२) = ब२ − ब१. भ१ आणि भ२ वेगळे असतील तर डाव्या बाजूची कोटी निदान भाजकाएवढी, उजव्या बाजूची त्याहून कमी. हे शक्य नाही. म्हणून दोन्ही बाजू शून्य. कोटीची अट काढून टाका, की ही सिद्धता पडते.

याच अटीवर अवघड दिसणारी गणितं सुटतात. क्ष^१०० ला क्ष^२ − ३क्ष + २ ने भागल्यास बाकी किती? भागायला बसू नका. भाजकाची कोटी २, म्हणून बाकी अक्ष + ब. भाजकाची मुळं १ आणि २. क्ष = १ ठेवा: अ + ब = १. क्ष = २ ठेवा: २अ + ब = २^१००. म्हणून अ = २^१०० − १ आणि ब = २ − २^१००.

पुढे जाता येतच नाही असं मात्र नाही. पूर्णांकांच्या भागाकारात दशांश चिन्ह देऊन पुढे जातो, तसं इथे १/क्ष, १/क्ष^२ ही पदं घेऊन जाता येतं. बाराव्या शतकातल्या बगदादच्या अल-समवालने हे केलं होतं, तेही सहगुणकांचा तक्ता मांडून. २०क्ष^२ + ३०क्ष ला ६क्ष^२ + १२ ने भागताना त्याला मिळालेली सुरुवातीची पदं आपणही काढू शकतो: २०/६ = ३ १/३, उरतं ३०क्ष − ४०. मग ५/क्ष, उरतं −४० − ६०/क्ष. मग −(६ २/३)/क्ष^२. हे संपत नाही, पण दर दोन पदांनी सहगुणक −२ पट होतो, म्हणून पुढचं पद न भागता लिहिता येतं: −१०/क्ष^३, मग (१३ १/३)/क्ष^४.

उत्तर: शून्य_एक

वर 'दोन शून्येतर संख्यांचा गुणाकार शून्य होत नाही' असं आलंय. ते आपल्या नेहमीच्या संख्यांत खरं. ६ ने भागून उरणाऱ्या बाक्यांत हिशेब केला तर (२क्ष + १)(३क्ष + १) = ६क्ष^२ + ५क्ष + १ = ५क्ष + १. कोटी १ × कोटी १, आणि उत्तर कोटी १. शाळेत हे लागत नाही, पण नियम कशावर उभा आहे ते यातून दिसतं.

बाकीच्या कोटीची अट प्रत्यक्ष कामाला येते ती दुकानातल्या क्यूआर कोडमध्ये. सर्वांत लहान कोडात (२१ × २१ चौकटी) मध्यम दुरुस्ती-पातळीला माहितीचे १६ बाइट असतात. त्यांना सहगुणक मानून बहुपदी करतात, तिला क्ष^१० ने गुणतात आणि ठरलेल्या कोटी १० च्या बहुपदीने भागतात. बाकीची कोटी जास्तीत जास्त ९, म्हणजे बरोबर १० सहगुणक. हे १० बाइट दुरुस्तीसाठी मागे जोडले की एकूण २६. भाजकाची कोटीच जोडणीची लांबी ठरवते. तिथले सहगुणक २५६ घटकांच्या एका वेगळ्या अंकगणितातले असतात, पण भागाकाराच्या पायऱ्या याच.

हाताने करून बघायला छोटं रूप: सहगुणक फक्त ० आणि १, आणि १ + १ = ०. इथे वजाबाकी म्हणजेच बेरीज, त्यामुळे चिन्हाची चूक होऊच शकत नाही. आणि सारख्या कोटीच्या दोन बहुपदींची बेरीज केली की कोटी हमखास घटते.

संदेश ११०१, म्हणजे क्ष^३ + क्ष^२ + १. भाजक क्ष^३ + क्ष + १. आधी क्ष^३ ने गुणा: क्ष^६ + क्ष^५ + क्ष^३.
क्ष^३ पट भाजक मिळवा: उरतं क्ष^५ + क्ष^४.
क्ष^२ पट: उरतं क्ष^४ + क्ष^३ + क्ष^२.
क्ष पट: उरतं क्ष^३ + क्ष.
१ पट: उरतं १.

भाजकाची कोटी ३, म्हणून बाकी तीन जागांत लिहायची: ००१. नुसतं १ लिहिलं तर पहिल्या प्रश्नातलीच चूक. पाठवायचा संदेश ११०१००१. मिळाल्यावर त्याला त्याच भाजकाने भागा, बाकी ० यायला हवी. आता कुठलाही एक अंक उलटा करून पुन्हा भागा: सात जागांसाठी सात वेगळ्या शून्येतर बाक्या येतात, त्यामुळे कुठला अंक बिघडला तेही बाकीवरून सांगता येतं.